सायकलीचा टिकाऊपणा

घरांत एखादी नवी वस्तु यावयाची झाली म्हणजे आमच्याकडे पहिला प्रश्न तिच्या किमतीचा नसतो, ‘टिकेल का?’ हा असतो. किमतीचा प्रश्न मागाहून येतो, आणि पहिल्याचें उत्तर समाधानकारक मिळालें असेल तर त्याची धार पुष्कळशी बोथटही झालेली असते. एकत्र कुटुंबांत हें स्वाभाविकच आहे. जेथें थोरल्याचा सदरा मधल्याच्या अंगावर आणि मधल्याचीं पुस्तकें धाकटीच्या दप्तरांत जातात, तेथें पहिल्या धन्याच्या हौसेबरोबर वस्तूचें आयुष्य संपून चालत नाहीं. तथापि हा शब्द दिवसांतून दहा वेळां उच्चारूनही टिकणें म्हणजे नेमकें काय, याचा विचार आपण क्वचितच करतों. आमच्या स्वयंपाकघरांतील फळीवर लोणच्याची एक चिनी मातीची बरणी आहे आणि तिच्याच खालीं खुंटीला एक लोखंडी कढई आहे. दोन्ही माझ्या पणजीच्या वेळच्या. कढई आजवर किती वेळां पडली, किती वेळां राखेनें घांसली गेली, याची गणती नाहीं. बरणी मात्र एकदांही पडलेली नाहीं, आणि म्हणूनच ती आहे. टिकल्या दोघीही, पण कढईचें टिकणें तिच्या स्वतःच्या अंगचें आहे, आणि बरणीचें, तिला हाताळणाऱ्या चार पिढ्यांतील बायकांच्या हातांचें आहे.

हा भेद मला नव्यानें जाणवला तो सायकलींमुळें. आमच्या घरीं दोन चांगल्या सायकली आहेत. एक माझी, ॲल्युमिनियमच्या फ्रेमीची, २०१२ सालीं घेतलेली. दुसरी माझ्या थोरल्या पुतण्याची, कार्बनच्या फ्रेमीची. पुतण्या नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि ‘माझी सायकल धाकटीला देऊन टाका’ असें त्यानें कळविलें, तेव्हां या दोहोंपैकीं त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातीं कोणती द्यावी, हा प्रश्न घरापुढें आला. ती दर रविवारीं पहाटे सिंहगडाचा घाट चढते. आणि आमच्या वहिनींची झोंप उडते ती यापुढील भागामुळें, कीं चढलेला घाट ती उतरतेही. चढतांना फ्रेम मोडली तर फार तर ढोपर फुटेल. उतरतांना मोडली तर काय होईल, तें कोणी मोठ्यानें बोलत नव्हतें. माझें शिक्षण धातुशास्त्राचें असल्यामुळें या वादाचा निकाल मीं द्यावा असें रात्रीच्या जेवणानंतर ठरलें, आणि माझे वडील बंधु, जे वकील आहेत, त्यांनीं ‘पुराव्यानिशीं द्यावा’ अशी पुस्ती जोडली.

सायकलवाल्या मंडळींत या दोन जिनसांविषयीं दोन वाक्यें सर्वांच्या तोंडीं असतात. ॲल्युमिनियम थकतें, आणि कार्बन फुटतो. दोन्ही वाक्यें खरीं आहेत. त्यांवरून लोक जीं अनुमानें काढतात तीं मात्र बहुधा खोटीं असतात.

‘थकतें’ हा शब्द येथें अलंकारिक नाहीं. एखादी तार एकदां वांकविली तर ती मोडत नाहीं. तीच वीस वेळां इकडून तिकडे वांकविली म्हणजे हातांत दोन तुकडे येतात. विसाव्या वेळीं लावलेला जोर पहिल्या वेळेपेक्षां अधिक नसतो. तार मात्र पहिल्यासारखी राहिलेली नसते. आगगाड्या नव्या होत्या त्या काळीं त्यांचे जाडजूड आंस असेच, वरकरणीं कांहीं कारण नसतांना, तुटत. आणि या कोड्याचा पिच्छा पुरवून ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे-इंजिनियरानें १८६० च्या सुमारास धातूच्या शिणाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्या अभ्यासांतून एक फार उपयुक्त गोष्ट निघाली. पोलादाला एक मर्यादा असते. भार त्या मर्यादेच्या आंत असला तर तो कितीही लक्ष वेळां येवो, पोलाद तो सोसतें. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाहीं. भार लहान असला तरी प्रत्येक हेलकावा त्याच्या खात्यांतून कांहीं तरी खर्ची टाकतो. खातें फार मोठें असेल. पण तें खातें आहे, अक्षय्य पात्र नव्हे.

येथपर्यंत ऐकून पुष्कळ लोक एकदम निकालावर येतात, कीं दहा वर्षांची ॲल्युमिनियमची सायकल म्हणजे भंगारच. परंतु शिल्लक किती आहे हें न पाहतां नुसत्या खर्चाला भ्यावयाचें, हा हिशेब नव्हे. ज्या धातूच्या पातेल्याला आपल्याकडे अजून ‘जर्मनचें भांडें’ म्हणतात तोच हा धातु. फक्त सायकलीसाठीं त्यांत मॅग्नेशियम, सिलिकॉन किंवा जस्त थोड्या प्रमाणांत मिसळून तो बळकट केलेला असतो. त्याचें वजन पोलादाच्या सुमारें तिसरा हिस्सा, आणि दुर्दैवानें त्याचा ताठपणाही सुमारें तिसरा हिस्साच. म्हणून पोलादाच्या नळ्यांइतक्याच बारीक नळ्या ॲल्युमिनियमच्या केल्या तर सायकल ओल्या फोकासारखी लवेल, आणि प्रत्येक लवण्याबरोबर खात्यांतून रक्कम जाईल. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत शिकणाऱ्या गॅरी क्लाइन यानें यावर जो उपाय धरला तो ऐकावयास अगदीं साधा आहे: नळी जाड बुंध्याची करावी. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठपणा आठपट होतो. आज रस्त्यांत दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सायकलींचे दांडे इतके गलेलठ्ठ असतात तें याच कारणानें. नळी लवतच नाहीं म्हटल्यावर तिला शीण येणार तो कितीसा?

याचा एक चांगला पुरावा १९९७ सालचा आहे. ‘टूर’ नांवाच्या जर्मन सायकल-मासिकानें बारा उंची फ्रेमी प्रयोगशाळेंत यंत्राला जखडून, पायडलवर पडणाऱ्या जोरासारखा जोर आलटून पालटून त्यांवर घालावयास लावला. शेवटपर्यंत तीनच फ्रेमी तडा न जातां राहिल्या; त्यांतील दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. ज्या पोलादाला ती सहनमर्यादा आहे, त्याच्या फ्रेमी तडकल्या, टिटॅनियमच्याही तडकल्या. पोलादाचे गुण खोटे ठरले असें यावरून म्हणतां येणार नाहीं; वजन कमी करण्याच्या हव्यासानें नळ्या इतक्या पातळ केल्या होत्या कीं भार त्या मर्यादेच्या बाहेर गेला होता, एवढाच याचा अर्थ. द्रव्यापेक्षां घडण बलवत्तर, ही गोष्ट त्या यंत्रानें निर्विवाद दाखवून दिली. सायकलींसाठीं आज जें आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक ४२१०, त्यांतही नमुन्याच्या फ्रेमीवर पायडलचा असा जोर एक लक्ष वेळां घालून पाहतात, आणि ती चांचणी ॲल्युमिनियम, कार्बन, पोलाद सर्वांना सारखीच लागू असते.

ॲल्युमिनियमचा मला आवडणारा गुण मात्र निराळाच आहे. तें बोलतें. त्याला मार बसला तर पोंचा येतो, आणि तो पोंचा आंधळ्यालाही हातानें लागतो. त्याला शीण आला तर प्रथम केसासारखी तडा जाते, बहुधा सांध्याच्या कडेला: हँडलच्या नळीमागें, पायडलचा आंस जेथें बसतो तेथें, नाहीं तर सीटच्या दांड्याच्या तोंडाशीं. महिन्यांतून एकदां ओल्या फडक्यानें फ्रेम पुसतांना या तीन जागा डोळ्यांखालून घातल्या आणि रंगांत एखादी रेघ दिसली तर ती नखानें चांचपली, तर ही तडा दांडा तुटण्यापूर्वीं सांपडण्याचा पुष्कळ संभव असतो. एरवीं मुकाट असलेली सायकल एक दिवस अकारण कुरकुरूं लागली तर त्याकडेही कानाडोळा करूं नये.

सांपडलेली तडा बुजविणें मात्र सोपें नाहीं. कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला ती बुजवून देईल, आणि देतोही. पण त्याच्या ज्योतीनें सांध्याभोंवतालचें ॲल्युमिनियम मऊ पडतें. कारखान्यांत ही मऊ पडलेली शक्ति परत आणण्यासाठीं पुष्कळदां सबंध फ्रेम पांचशें अंशांहून अधिक तापवून, पाण्यांत विझवून, पुन्हां कांहीं तास मंद आंचेवर ठेवतात. लोहार कोयत्याला पाणी देतो त्याच जातीची, पण फार काटेकोर अशी ही क्रिया आहे, आणि ती कोपऱ्यावर होत नाहीं. तात्पर्य, ॲल्युमिनियमची फ्रेम तडकली कीं ती निकालांत काढावी. तिचें वितळवून पुन्हां ॲल्युमिनियम होतें, आणि त्याला खनिजापासून नवें ॲल्युमिनियम काढण्याच्या सुमारें वीसांश शक्ति पुरते; म्हणून भंगारवालाही तिला नाक मुरडीत नाहीं.

आतां कार्बन. या दोन द्रव्यांच्या गोष्टी एका ठिकाणीं एकमेकींना भेटतात. तें ठिकाण म्हणजे इंग्लंडांतील फार्नबरो येथील विमानविद्येची सरकारी संस्था. १९५४ सालीं ‘कॉमेट’ जातीचें एक जेट विमान एल्बा बेटाजवळ आकाशांतच फुटून समुद्रांत पडलें, आणि तीन महिन्यांच्या आंत दुसरें पडलें. फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनीं त्याच जातीचें एक सबंध विमान पाण्याच्या हौदांत ठेविलें, आणि उड्डाणांत जसा आंतील हवेचा दाब चढतो आणि उतरतो तसा तो पाण्यानें पुन्हां पुन्हां चढवून उतरविला. अखेर त्याची ॲल्युमिनियमची कातडी एका झरोक्याच्या कोपऱ्यापासून फाटली. एल्बाजवळ पडलेल्या विमानाचीं उड्डाणें अवघीं सुमारें तेराशें झालीं होतीं. धातूचा शीण सामान्य लोकांच्या कानीं गेला तो या अपघातांनीं. पुढें दहा वर्षांच्या आंतच याच संस्थेंत कार्बनच्या बळकट तंतूंवर काम झालें. जपानांतही त्याच सुमारास तें चाललें होतें.

हे तंतु ज्यापासून करतात तें द्रव्य आपल्या ओळखीचें आहे. हिवाळ्यांत बाजारांत जे स्वस्त स्वेटर येतात त्यांचा ॲक्रिलिकचा धागा त्याच घराण्यांतला. तो प्रथम बेताच्या उष्णतेनें भाजून, मग हवा लागूं न देतां हजार अंशांच्याही वर तापविला म्हणजे त्यांतील बाकीचीं द्रव्यें उडून जातात आणि मागें राहतो तो केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक, काळा, ओढून न तुटणारा कार्बनचा तंतु. या तंतूंचें कापड एपॉक्सी राळेंत भिजवून, एकावर एक पदर निरनिराळ्या दिशांनीं साच्यांत बसवून, दाबाखालीं भाजलें कीं फ्रेम तयार होते. कोठें किती पदर आणि कोणत्या दिशेनें, हीच सारी विद्या. लांकडाला जशी एकच नस असते तसें येथें नाहीं. जेथें जोर पडणार तेथें त्या जोराच्या दिशेनें नस घालतां येते. अशा नीट घडविलेल्या फ्रेमीला नित्याच्या पायडल मारण्यानें शीण असा जवळ जवळ येतच नाहीं. ‘बोइंग ७८७’ हें प्रवासी विमान २०११ पासून उडत आहे आणि त्याच्या सांगाड्याचें निम्मे वजन अशाच जातीच्या द्रव्याचें आहे. तेव्हां कार्बन पांच-सात वर्षांत ‘संपतो’, असें जे म्हणतात त्यांनीं पुढच्या वेळीं विमानांत बसतांना विचार करावा.

पण ज्या दिशेनें जोर येईल अशी कल्पना कारागिरानें केलेली नसते, त्या दिशेनें तो आला तर? १९७० सालीं रोल्स-रॉइस कंपनीनें आपल्या ‘आर. बी. २११’ या विमान-इंजिनाच्या पंख्याचीं पातीं कार्बनचीं केलीं होतीं. फिरण्याचा प्रचंड ताण तीं सोशीत. परंतु उडतां पक्षी इंजिनांत शिरला तर काय होईल हें पाहण्यासाठीं त्यांवर कोंबडी फेंकून चांचणी घेतली, तेव्हां तीं टिकलीं नाहींत. पातीं टिटॅनियमचीं करावीं लागलीं, आणि त्या इंजिनाच्या वाढत गेलेल्या खर्चाखालीं ती कंपनी १९७१ च्या फेब्रुवारींत दिवाळखोरींत गेली. कार्बनचें मर्म या कोंबडीच्या गोष्टींत आहे. त्याला श्रम बाधत नाहीं, आघात बाधतो. शिवाय आघात झाल्यावर तो ॲल्युमिनियमसारखा पोंचत नाहीं. मार बसतांना दबून पुन्हां आपल्या जागेवर येतो. वरचा रंग गुळगुळीत राहतो. आंतले पदर मात्र एकमेकांपासून सुटलेले असतात. मुकाट्यानें दुखणें अंगावर काढणारीं माणसें असतात तशी ही जात.

आणखी दोन गोष्टी कार्बनला मानवत नाहींत. एक म्हणजे अंदाजानें आवळणें. सीटच्या दांड्यावरील पट्टीवर पुष्कळदां ‘५ न्यूटन-मीटर’ असा आंकडा कोरलेला असतो. दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाला पांच किलोचें वजन टांगावें इतकाच हा जोर. पण पोलादी सायकलींवर हात बसलेला मिस्त्री ‘घट्ट पाहिजे ना?’ म्हणून पान्यावर सारा भार घालतो आणि नळीचे पदर चुरडतात. मोजून आवळणारा पाना अलीकडे मिळतो. कार्बनची सायकल घरीं आली कीं त्याच दिवशीं तोही यावा. दुसरी गोष्ट खारट पाणी. पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें हें आपल्याकडे मुलीबाळींनाही ठाऊक असतें. तसाच, पण विजेच्या वाटेनें जाणारा प्रकार कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्यांत होतो. कार्बन वीज वाहून नेतो. त्याला ॲल्युमिनियमचा दांडा लागून असला आणि मधें घामाचें किंवा समुद्रकांठचें खारें पाणी शिरलें कीं त्या दोहोंचा विजेचा घट बनतो आणि त्यांत बळी जातें ॲल्युमिनियम. तें फुगून पांढरी भुकटी धरतें आणि सीटचा दांडा नळींत असा चिकटतो कीं हलतां हलत नाहीं. मुंबईकर आणि कोंकणस्थ वाचकांनीं – हा शब्द मीं येथें भूगोलाच्याच अर्थानें वापरला आहे – वर्षांतून दोनदां दांडा काढून, पुसून, योग्य तें मलम लावून परत बसवावा.

कार्बनच्या सायकलींतही पुष्कळदां धातूच दगा देतो, हेंही विसरून चालणार नाहीं. २००६ सालच्या पॅरिस-रूबे या फ्रान्समधील शर्यतींत, जिचा मार्ग दगडी फरसबंदीच्या खडबडीत रस्त्यांवरून जातो, अमेरिकेचा जॉर्ज हिंकॅपी हा आघाडीवरील मंडळींत असतांना त्याचें हँडल एकाएकीं हातांत आलें आणि तो खांद्यावर आपटला. मोडली होती ती चिमट्याची, हँडलला जोडणारी नळी, आणि ती ॲल्युमिनियमची होती. त्याच शर्यतींत त्यापूर्वीं तो एकदां पडला होता. सायकल उभी राहिली, चालूं लागली, म्हणून ती धड आहे असें सर्वांनाच वाटतें.

इतका पुरावा मीं घरच्या मंडळींपुढें मांडला. वडील बंधूंनीं कंपनीचें हमीपत्र आणविलें, आणि वाचून ते मनापासून हंसले. हमी आजीवन खरी, पण पहिल्या मालकापुरती. आणि पडझडीचें नुकसान तींत धरलेलें नाहीं. बहुतेक कंपन्यांची हमी अशीच असते. “एकत्र कुटुंबांत पहिला मालक कोण, हें ज्या साहेबानें हा कागद लिहिला त्याला विचारलें पाहिजे,” असें म्हणून त्यांनीं कागद परत घडी केला. वहिनींचें म्हणणें, दोन्ही सायकली नकोत, बस चांगली. आमच्या मातोश्री इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, “आंतून फुटलेली आहे कीं नाहीं, एवढेंच ना पाहावयाचें? मग माठ घेतांना पाहतों तशी वाजवून पाहा कीं!”

मातोश्रींना ठाऊक नव्हतें, पण कार्बन तपासणारे लोक प्रथम हेंच करतात. चांगल्या भागावर नाणें वाजविलें तर आवाज खणखणीत येतो. पदर सुटलेल्या जागीं तो बद्द येतो. ही परीक्षा ओबडधोबड आहे. सांध्यांजवळ पदर जास्त असतात तेथें आवाज आपोआपच बदलतो. आणि पक्की खात्री करावयाची तर ध्वनिलहरींच्या यंत्राकडेच जावें लागतें. तरी कान तयार असेल तर घरच्या घरीं बरेंच कळतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सायकल ओसरीवर उलटी करून मीं रुपयाचें नाणें घेऊन बसलों. पुतणी शेजारीं बसली. तिचा कान गाण्याचा आहे. वरचा दांडा एकसारखा वाजला. खालच्या दांड्याच्या मधोमध आलों तेव्हां मला कांहींच वेगळें वाटलें नाहीं, पण ती म्हणाली, “काका, पुन्हां वाजवा. इथें सूर बसला.” तेथें दांड्यावर एक चकचकीत चित्राची चिकटपट्टी होती. ती हळूच सोडविली, तर खालीं रंगाचा नखाएवढा टवका उडालेला.

पुतण्याला फोन केला. तो प्रथम म्हणाला, कांहीं नाहीं. मग म्हणाला, उभी केली होती, वाऱ्यानें कलंडली आणि दगडी पायरीच्या कडेवर आपटली. केव्हां? तीन वर्षें झालीं. सांगितलें कां नाहीं? यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. “बाबांनीं एवढे पैसे घातले होते. पहिल्याच वर्षीं पाडली म्हणून कोणत्या तोंडानें सांगणार? ओरखडाच होता, म्हणून वर चित्र चिकटविलें.” फोनचा आवाज मोठा केलेला होता आणि माझे बंधु दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं त्यांनीं स्वतः मुलाला फोन लावला. काय बोलणें झालें तें मीं विचारलें नाहीं.

पुढील तीन वर्षें तो मुलगा त्याच फ्रेमीवर लोणावळ्याचा आणि पानशेतचा रस्ता तुडवीत होता, हें ऐकून वहिनींनीं देवापुढें साखर ठेविली. मला स्वतःला त्या टवक्यापेक्षां त्यावरील चित्राचें भय अधिक वाटलें. पोंच्यावर चित्र चिकटवितां येत नाहीं. आणि म्हणून ज्या घरांत मुलांना पडल्याचें सांगावयास भीति वाटते, त्या घरांत ॲल्युमिनियमचीच सायकल आणावी, असा माझा निकाल झाला. ज्या घरांत तशी भीति नाहीं, तेथें कार्बन खुशाल आणावा. तो ॲल्युमिनियमच्या सायकलीहून अधिक वर्षें चालेल. रस्त्यावर अनोळखी माणसाकडून वापरलेली कार्बनची फ्रेम स्वस्त मिळते म्हणून घेणें मात्र मला मुळींच पसंत नाहीं. आपण फ्रेम विकत घेतों, तिचीं पडणीं आपल्याला कोणी विकत देत नाहीं.

फ्रेम एका कार्बन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे पाठविली. ॲल्युमिनियमला जें साधत नाहीं तें येथें साधतें. त्यानें रंग खरवडला तेव्हां रुपयाहून थोड्या मोठ्या जागेंतले पदर सुटलेले निघाले. तेवढा भाग पायऱ्यापायऱ्यांनीं उतरता घांसून, मूळच्याच दिशांनीं नव्या कापडाचे पदर राळेंत बसवून, वरून हवा शोषून घेऊन त्यानें तो पक्का केला. वजन कांहीं ग्रॅम वाढलें असेल. ‘रंग देऊं का?’ असें त्यानें विचारलें. पुतणीनें नको म्हणून सांगितलें. आतां तेथें हाताच्या पंजाएवढा काळा, विणीचा, उघडा पट्टा दिसतो.

दरम्यान ती माझीच ॲल्युमिनियमची सायकल वापरीत होती. त्या सायकलीनें पस्तीस हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारली आहे. मागच्या गियरचा कान दोनदां वांकला आणि दोनदां बदलला. तो मुद्दामच मऊ धातूचा, अलग निघेल असा केलेला असतो, म्हणजे मार त्यानें खावा आणि फ्रेमीनें वांचावें. बाकी सांधे स्वच्छ आहेत.

दिवाळींत पुतण्या घरीं आला. ओसरीवरील खुंटीला मीं एक शंभर पानी वही दोऱ्यानें बांधून ठेविली होती, आणि तिच्या पहिल्या पानावर त्याच्या सायकलीचें नांव घातलें होतें. फराळाचें ताट बाजूला सारून त्यानें आठवून आठवून तीन नोंदी लिहिल्या: पायरीची एक, खडकवासल्याच्या वळणावर घसरल्याची एक, मोटारीच्या टपावरून उतरवितांना निसटली ती एक. पुतणीनें त्या वाचल्या आणि पेन मागितलें.

“दादा, चौथी राहिली. पावसांत माझ्या हातून पडली होती. तूं झोंपला होतास.”

तिनें ती लिहिली. कोणता भाग आपटला तें विचारून मीं नाणें काढलें आणि मागच्या चाकाजवळील दांड्याच्या दोन्ही बाजूंनीं वाजवून पाहिलें. दोन्हीकडे आवाज स्वच्छ आला. नोंदीपुढें तसें लिहून मीं तारीख घातली.